मोजणीपासून साइटच्या प्रिंटपर्यंत: छोट्या आर्किटेक्ट ऑफिसात ऑटोकॅडचं काम कोणत्या क्रमाने करावं

सांगली-मिरजेतल्या तीन-चार जणांच्या ऑफिसात ऑटोकॅड, म्हणजे संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, सगळ्यांना येतं. लाइन, ऑफसेट, ट्रिम यावर हात बसलेला असतो. तरीही कॉलम भिंतीबाहेर डोकावतो, मंजुरीच्या प्लॅनमधलं क्षेत्रफळ वर्किंग ड्रॉइंगशी (साइटवर बांधायला देतात त्या नकाशाशी) जुळत नाही आणि गवंडी फोन करून विचारतो, "खोली दहा फुटांची की पावणेदहाची?" यातल्या बहुतेक चुका भिंतीची पहिली रेघ मारायच्या आधीच होऊन गेलेल्या असतात. एक तर युनिट ठरवलेलं नसतं, नाहीतर एकाच प्लॅनच्या तीन प्रती करून तिन्हीत वेगवेगळे बदल केलेले असतात.

पुढचा क्रम साध्या घराच्या कामासाठी आहे. उदाहरणाला ४० बाय ६० फुटांचा, म्हणजे २४०० चौरस फुटांचा, साधारण २.२ गुंठ्यांचा प्लॉट घेतला आहे. झेडडब्ल्यूकॅड किंवा ब्रिक्सकॅडसारखं दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तरी क्रम हाच ठेवा.

## १. जागेवरची मापं

टेपचं शून्य एका कोपऱ्यात धरा आणि तिथूनच पुढचे सगळे आकडे सलग लिहा: खिडकीची सुरुवात, खिडकीचा शेवट, दरवाजा, कोपरा. तुकड्या-तुकड्याने मोजलं की प्रत्येक तुकड्यात चार-पाच मिमी चुकतात आणि दहा तुकड्यांनंतर भिंत दोन इंचांनी लांब किंवा आखूड निघते.

प्लॉटच्या चार बाजूंसोबत दोन्ही कर्ण घ्या. चार बाजू आणि एक कर्ण मिळाला की आकार पक्का होतो, दुसरा कर्ण पडताळणीसाठी लागतो. ४० बाय ६० चा प्लॉट खरोखर काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ७२ फूट १ इंचाच्या जरासे वर येतात. एक ७१ फूट ६ इंच आणि दुसरा ७२ फूट ८ इंच आला, तर प्लॉट तिरका आहे. तो तसाच काढा, "जवळपास चौकोनच आहे" म्हणून सरळ करू नका. सरळ केलेला प्लॉट सामासिक अंतराच्या (हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेच्या) वेळी हमखास नडतो.

जुन्या घराची मापं घेताना भिंतीची जाडी दरवाजाच्या चौकटीपाशी मोजा आणि ती गिलाव्यासकट आहे की गिलाव्याशिवाय, हे त्याच कागदावर लिहा. नऊ इंची वीटकाम दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह २६० मिमीच्या आसपास जातं. ऑफिसात आल्यावर हा आकडा कशाचा होता ते कुणालाच आठवत नाही.

लेव्हलसाठी न हलणारी खूण धरा: रस्त्याचा मध्य, चेंबरचं झाकण किंवा शेजारचं पक्कं जोतं. तिचा फोटो काढून ठेवा.

कागदपत्रांची पडताळणी: सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, भूमी अभिलेखची मोजणीची क प्रत आणि तुम्ही जागेवर घेतलेलं माप, ही तीन क्षेत्रफळं एका ओळीत लिहा. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीच्या क्षेत्रफळ तक्त्यात या तिन्हींपैकी सगळ्यात कमी आकडा धरायचा असतो. डिझाइन करण्याआधी तो माहीत हवा, सबमिशनच्या आदल्या रात्री कळून उपयोग नाही.

## २. फोल्डर आणि फाइलची नावं

प्रत्येक कामाला एक नंबर द्या आणि त्याखाली सहा फोल्डर करा: सर्वे, मूळ प्लॅन, मंजुरी, वर्किंग, बाहेरून आलेलं, पाठवलेलं. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फाइल "बाहेरून आलेलं"मध्येच राहते आणि तिच्यात आपण काहीही बदलत नाही.

चालू फाइलच्या नावात तारीख नको आणि "फायनल" हा शब्द तर नकोच. जुनी प्रत ठेवायची असेल तर ती तारीख घालून "जुनं" नावाच्या फोल्डरात हलवा. म्हणजे फोल्डर उघडणाऱ्याला चालू फाइल एकच दिसेल.

सावधान: ड्राइव्हसारख्या क्लाउड फोल्डरवर दोघांनी एकच फाइल उघडली तर ऑटोकॅडचं कुलूप (एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याला बदलू न देणारं) दुसऱ्या मशीनपर्यंत वेळेत पोचेलच असं नाही. दोन प्रती तयार होतात आणि एकाचं दिवसभराचं काम जातं. ऑफिसातल्या एका मशीनवरचं शेअर केलेलं फोल्डर त्यापेक्षा भरवशाचं.

## ३. टेम्प्लेट: युनिट, लेअर, अक्षरं

कोऱ्या फाइलपासून सुरुवात करू नका आणि मागच्या कामाची फाइल "सेव्ह अ‍ॅज" करून तर अजिबात नको. मागच्या घराचे लेअर (ड्रॉइंगचे वेगवेगळे थर), ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरायची तयार चित्रं) आणि चुका सगळ्या सोबत येतात. डीडब्ल्यूटी टेम्प्लेट, म्हणजे युनिट-लेअर आधीच ठरवून ठेवलेली नमुना फाइल, एकदाच नीट बसवा.

### युनिट

आपल्याकडे नगररचना विभागाला प्लॅन मीटरमध्ये लागतो, इंजिनिअर मिलिमीटरमध्ये बोलतो आणि गवंडी, सेंट्रिंगवाला फूट-इंचात. म्हणून काहीजण तीन फाइली करतात. तसं करू नका. ड्रॉइंग नेहमी मिलिमीटरमध्ये, बदलायची ती फक्त डायमेन्शन स्टाइल, म्हणजे मापं दाखवायची पद्धत.

युनिट्समध्ये डेसिमल निवडा आणि खालच्या इन्सर्शन स्केलला मिलिमीटर ठेवा. मग तीन डायमेन्शन स्टाइल करा:

- इंजिनिअरसाठी: डेसिमल, स्केल फॅक्टर १.
- मंजुरीसाठी: डेसिमल, दोन दशांश, स्केल फॅक्टर ०.००१. ३०४८ ची रेघ ३.०५ दिसते.
- साइटसाठी: आर्किटेक्चरल, स्केल फॅक्टर ०.०३९३७०१. तीच रेघ १० फूट दिसते.

हा स्केल फॅक्टर प्रायमरी युनिट्सच्या टॅबमधल्या मेजरमेंट स्केलचा. फिट टॅबमधल्या ओव्हरऑल स्केलशी गल्लत झाली तर माप बदलत नाही, नुसती अक्षरं आणि बाण लहानमोठे होतात.

साइटच्या स्टाइलमध्ये एक खोच आहे. प्रत्येकी २९६० मिमीच्या तीन खोल्या सलग आहेत असं धरा. पूर्ण इंचात दाखवलं तर प्रत्येक खोली ९ फूट ९ इंच दिसते, तिन्हींची बेरीज २९ फूट ३ इंच. पण एकूण माप ८८८० मिमी आहे आणि ते २९ फूट २ इंच दिसतं. गवंड्याने बेरीज केली की एक इंच जास्त, आणि त्याची शंका रास्त आहे. यावर उपाय डिझाइनमध्येच करायचा: घराच्या कामात खोल्यांची मापं पूर्ण इंचात बसतील अशी ठरवा आणि टाइप करताना ३०५० ऐवजी ३०४८ घाला. एक इंच २५.४, एक फूट ३०४.८, हे दोन आकडे मॉनिटरवर चिकटवून ठेवा.

पडताळणी: बाहेरून आलेल्या कुठल्याही फाइलमध्ये आधी एक दरवाजा मोजा. ९०० आला तर फाइल मिलिमीटरमध्ये आहे, ०.९ आला तर मीटरमध्ये, ३६ च्या आसपास आला तर इंचात आणि ३ आला तर फुटात. आपल्या फाइलमध्ये आणताना इंचाला २५.४ ने, फुटाला ३०४.८ ने आणि मीटरला १००० ने मोठं करावं लागतं. फर्निचरचे उतरवून घेतलेले ब्लॉक मुंगीएवढे दिसण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

### लेअर

पंधरा ते वीस लेअर पुरतात. कापलेली भिंत, कॉलम, दरवाजे-खिडक्या, जिना, बीम, फर्निचर, मापं, मजकूर, हॅच (आतला रेघांचा भराव), ग्रिड (कॉलमच्या मध्यरेषा), प्लॉटची हद्द, सामासिक अंतर, क्षेत्रफळाची रेघ, ड्रेनेज, पाणी, लाइट. कापलेल्या भिंतीला ०.५० मिमी जाडी, दिसणाऱ्या कडांना ०.२५, हॅचला ०.१३. रंग आणि जाडी नेहमी "बाय लेअर", म्हणजे लेअरला दिलेलीच.

शून्य लेअरवर फक्त ब्लॉकच्या आतलं काम करा, म्हणजे ब्लॉक ज्या लेअरवर ठेवाल त्याचा रंग घेईल. डेफपॉइंट्स लेअरवर काहीच काढू नका: स्क्रीनवर दिसतं, प्रिंटमध्ये येत नाही.

### मराठी अक्षरं

गट नंबर, मालकाचं नाव, गवंड्यासाठीच्या सूचना मराठीत लिहायच्या तर युनिकोड ट्रू टाइप फॉन्ट घ्या. मंगल किंवा निर्मला चालतो. ऑटोकॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी येत नाही, प्रश्नचिन्हं दिसतात. जुन्या टायपिंगच्या फॉन्टमध्ये लिहिलेलं तुमच्या मशीनवर छान दिसेल आणि झेरॉक्सवाल्याकडे इंग्रजी अक्षरांचा गोळा होईल. जोडाक्षरं पीडीएफमध्ये उघडून वाचा.

कागदावर अक्षराची उंची २.५ मिमी हवी असेल तर मॉडेलमध्ये (जिथे खऱ्या मापात काढतो तिथे) १:१०० साठी २५० आणि १:५० साठी १२५.

## ४. मूळ प्लॅन

या फाइलमध्ये मापं, मजकूर, टायटल ब्लॉक काहीही येत नाही. फक्त भिंती, कॉलम, दारं-खिडक्या, जिना. प्रत्येक मजल्याची एक फाइल.

क्रम असा: प्लॉटची हद्द, सामासिक अंतर, ग्रिड, कॉलम, भिंती, उघडी जागा, जिना. भिंती आधी काढून कॉलम नंतर "बसवायला" गेलं की तो दाराच्या चौकटीत येतो.

क प्रतीचा स्कॅन वापरायचा असेल तर इमेज अटॅच करून अलाइन कमांडने सगळ्यात लांब बाजूच्या दोन टोकांवर स्केलसह बसवा आणि तिसऱ्या कोपऱ्याशी ताडून बघा. मोबाइलवर काढलेला फोटो यासाठी चालत नाही, कडा तिरक्या होतात. हद्द शेवटी आकड्यांवरूनच काढायची, स्कॅन फक्त आकार समजायला.

मोठ्या कोऑर्डिनेट्सपासून सावध: जीपीएस मोजणीची फाइल यूटीएम (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत) झोन ४३ मध्ये येते. सांगलीत उत्तरेचा आकडा साधारण १८,६०,००० मीटर, म्हणजे मिलिमीटरमध्ये अब्जाच्या पुढे. एवढ्या लांब काम केलं की हॅच भरत नाही, रेघा थरथरतात, स्नॅप हुकतो. सर्वेची फाइल तशीच ठेवा. मूळ प्लॅनमध्ये पहिल्या ग्रिडचा छेदनबिंदू शून्य-शून्यवर आणा, आणि तो सर्वेतल्या कुठल्या बिंदूवर बसतो ते सर्वेच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. सगळ्या मजल्यांना हाच शून्यबिंदू.

भिंती ओस्नॅप (कर्सर नेमक्या बिंदूवर चिकटवणारी सोय) चालू ठेवून, टोकाला टोक जुळवून. फाइलमध्ये दशांश शून्य ठेवलेला असतो, त्यामुळे २९९९.६ सुद्धा ३००० दिसतं. तपासताना दशांश दोनवर न्या, वाकड्या भिंती लगेच उघड्या पडतात.

पडताळणी: तळमजल्याच्या फाइलमध्ये पहिला मजला एक्सरेफ (दुव्याने दिसणारी दुसरी फाइल) म्हणून आणून कॉलमवर कॉलम बसतो का, जिन्याचा डक्ट सरळ वर जातो का बघा. जिन्याचा हिशोबही इथेच करा: मजल्याची उंची ३००० आणि पायरी १५० तर २० उठाव. १०-१० च्या दोन ओळी केल्या तर प्रत्येक ओळीत तुडवायच्या पायऱ्या नऊच येतात, कारण दहावी म्हणजे लँडिंग. हे विसरून दहा काढल्या की जिना एका पायरीएवढा, म्हणजे दहा इंचांनी लांबतो आणि लँडिंग तेवढंच आखडतं.

## ५. एक्सरेफ: एकच प्लॅन, दोन फाइली

मंजुरीची फाइल आणि वर्किंगची फाइल, दोन्हीत मूळ प्लॅन एक्सरेफ म्हणून घ्या. खिडकी सरकली तर ती मूळ प्लॅनमध्ये एकदाच सरकवायची, दोन्हीकडे बदलते. छोट्या ऑफिसात "एवढ्याशा कामाला एक्सरेफ कशाला" असं म्हटलं जातं. पण एक्सरेफची खरी गरज छोट्याच ऑफिसाला आहे, कारण दोन प्रती ताडून बघायला इथे वेगळा माणूस नसतो.

- प्रकार "ओव्हरले" निवडा. "अटॅच" केलं की तुमची फाइल दुसऱ्याने घेतल्यावर एकात एक गुंतत जातात.
- पाथ "रिलेटिव्ह" ठेवा, म्हणजे फोल्डर पेनड्राइव्हवर नेला तरी दुवा तुटत नाही.
- इन्सर्शन पॉइंट शून्य-शून्य, स्केल १, रोटेशन ०. माउसने कधीही ठेवू नका.
- मापं आणि मजकूर वरच्या फाइलमध्ये. मूळ प्लॅन बदलला की वरची मापं आपोआप सरकतील असं धरू नका, त्या जागेची मापं पुन्हा हाताने तपासा.

इंजिनिअरची कॉलमची फाइलही अशीच खाली आणून आपल्या कॉलमशी ताडा. त्याच्याकडे जुनी आवृत्ती असेल तर तुमची फाइल २०१३ च्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून द्या, कारण २०१८ पासूनचा फॉरमॅट २०१७ किंवा त्याआधीच्या ऑटोकॅडमध्ये उघडत नाही. पाठवताना ई-ट्रान्समिट वापरा, ते फाइलसोबत तिच्या एक्सरेफही एकत्र बांधून देतं, नाहीतर त्याला नुसती मापं दिसतात आणि भिंती गायब असतात.

### मापाचा आकडा हाताने बदलू नका

रेघ २९४० ची आहे, खोली ३००० हवी. भिंत सरकवायचा कंटाळा येतो, म्हणून मापावर डबल क्लिक करून ३००० टाइप केलं जातं. प्रिंटवर सगळं बरोबर दिसतं. पण क्षेत्रफळ २९४० वरून निघतं, फरशीचा हिशोब २९४० वरून होतो आणि पुढची खोली ६० मिमीने चुकते. सगळ्या चुकांमध्ये हीच सगळ्यात महागात पडते, कारण ती बांधकाम सुरू होईपर्यंत दिसत नाही.

शोधायची युक्ती: क्विक सिलेक्टमध्ये डायमेन्शन निवडा, प्रॉपर्टी "टेक्स्ट ओव्हरराइड", अट "नॉट इक्वल", किंमत रिकामी. जी मापं निवडली जातील त्यांचा आकडा कुणीतरी हाताने घातलेला आहे. शीट बाहेर जाण्याआधी हा शोध रोज.

## ६. मंजुरीची फाइल

प्रत्येक मजल्याच्या बांधकाम क्षेत्राची हद्द, जिला नियमावलीत पी-लाइन म्हणतात, ती बंद पॉलिलाइनने वेगळ्या लेअरवर काढा. प्रॉपर्टीजमध्ये "क्लोज्ड: येस" दिसायला हवं. मिळालेला आकडा चौरस मिलिमीटरमध्ये असतो, १०,००,००० ने भागला की चौरस मीटर. तक्त्यातला प्रत्येक आकडा कुठल्या पॉलिलाइनचा आहे हे बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

रंगांचा संकेत पाळा: प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळं, ड्रेनेज लाल तुटक रेघ.

ऑनलाइन मंजुरीची यंत्रणा ठरावीक लेअर वाचते. ती नावं पाळायची, पण मूळ प्लॅनमध्ये नाही. मंजुरीच्या फाइलची प्रत करा, एक्सरेफ "बाइंड" करताना (दुवा तोडून फाइलमध्येच घेताना) "इन्सर्ट" पर्याय घ्या म्हणजे लेअरच्या नावांना शेपूट लागत नाही, मग लेअर ट्रान्सलेटरने नावं बदला.

पूररेषा: कृष्णाकाठच्या प्लॉटवर निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा विभागाच्या नकाशावरूनच घ्या. मोबाइलच्या नकाशावरून अंदाजाने नको. निळ्या रेषेच्या आत एक नियम आणि निळ्या-लाल रेषांच्या मधे दुसरा, त्यामुळे दोन मीटरची चूकही घराचा प्लॅन बदलते. आणखी एक गल्लत सर्रास होते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी आहे, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. हे पुलावरच्या पट्टीचे आकडे आहेत, प्लॉटच्या लेव्हलचे नव्हेत. सेक्शनमध्ये जोत्याची आणि पूररेषेची पातळी एकाच संदर्भाने, समुद्रसपाटीपासून लिहा.

## ७. लेआउट आणि प्रिंट

लेआउटमध्ये (प्रिंटच्या कागदाच्या पानात) व्ह्यूपोर्टला, म्हणजे ड्रॉइंग दाखवणाऱ्या चौकटीला, स्केल द्या आणि लगेच लॉक करा. आपला प्लॉट १:५० ला कागदावर २४४ बाय ३६६ मिमी होतो, म्हणजे मापं आणि नोंदींसह ए२ वर बसतो. १:१०० ला १२२ बाय १८३. तुटक रेघा सलग दिसत असतील तर एलटीस्केल आणि पीएसएलटीस्केल (तुटक रेघांच्या स्केलची सेटिंग) दोन्ही १ करून रीजेन करा.

पीडीएफ काढताना स्केल १:१, "फिट टू पेपर"ची खूण काढलेली. प्रत्येक शीटवर १०० मिमीची एक रेघ ठेवा. प्रिंट हातात आली की स्टीलच्या पट्टीने ती मोजा. ९७ भरली तर दुकानात "फिट टू पेज"वर छापलं आहे. त्याला "अ‍ॅक्चुअल साइज" सांगून पुन्हा काढून घ्या. शीटवर ही ओळही हवीच: "पट्टीने मोजू नये, लिहिलेली मापं धरावीत."

मग कागदावर लाल पेनाने तपासा. स्क्रीनवर तपासणं पुरत नाही, नजर झूम केलेल्या जागेबाहेर जात नाही. प्रत्येक ओळीतल्या मापांची बेरीज एकूण मापाशी जुळते का, दार उघडल्यावर कॉलमला किंवा दुसऱ्या दाराला अडतं का, खिडकीवर लिंटेल आणि बीम यांना जागा आहे का, संडासची बुडवलेली स्लॅब दाखवली आहे का. तपासणारा माणूस ड्रॉइंग काढणारा नसावा.

बदल झाला की शीटवर आर१, आर२ असा क्रमांक, बदलाभोवती ढग आणि "पाठवलेलं" फोल्डरात पीडीएफ. व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनचा फोटो पाठवू नका, पीडीएफच पाठवा. आणि साइटवरची जुनी प्रिंट परत मागून घ्या. ती सिमेंटच्या पोत्यांमागे अडकवलेली राहिली तर सेंट्रिंगवाला तिच्यावरूनच काम करतो.

## ८. बॅकअप

सेव्हटाइम, म्हणजे आपोआप सेव्ह व्हायची वेळ, १० मिनिटं. लाइट गेल्यावर फाइल उघडली नाही तर आधी रिकव्हर, मग बीएके फाइलचं (आधीच्या सेव्हच्या प्रतीचं) नाव बदलून डीडब्ल्यूजी, मग ऑटोसेव्हची फाइल. प्रत्येक मशीनला यूपीएस लागतोच.

आठवड्यातून एकदा मूळ प्लॅनवर ऑडिट, ओव्हरकिल आणि पर्ज चालवा. ऑडिट फाइलमधल्या चुका शोधतं, पर्ज न वापरलेले लेअर-ब्लॉक काढतं, ओव्हरकिल एकावर एक पडलेल्या रेघा काढतं. पण आधी प्रत करा, कारण टॉलरन्स मोठा असेल तर हव्या त्या रेघाही जातात.

रोज संध्याकाळी कामाची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर आणि आठवड्याला दुसरी डिस्क ऑफिसबाहेर, उंचावरच्या घरी. सांगलीच्या गावभागात किंवा नदीच्या बाजूला तळमजल्यावर ऑफिस असेल तर जून उजाडण्याआधी मुख्य मशीन आणि डिस्क वरच्या मजल्यावर हलवा.